विहिरीतली कर्णिकबाई

“आने दो, आने दो, और आने दो,” बाळा सावंत टेम्पोवाल्याला हात करत होता. त्याची पाठ विहिरीकडे होती आणि विहिरीत कर्णिकबाई होती.

पाण्यात नव्हती, अजून. कठड्याच्या आतून दगडी पायऱ्या आहेत, गाळ काढायला माणूस उतरतो त्या. त्यातल्या एका पायरीवर ती बसली होती, पदर खोचून, मांडीवर छत्री घेऊन. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी पार खाली गेलेलं. टेम्पोत कुणाच्या तरी पाडलेल्या घराचं डेब्रिज होतं. विटा, लाद्या, फुटकं बेसिन. आम्ही बायका ओरडत होतो, “बाळा, थांब! बाई आत आहे!” पण आम्ही सकाळपासून त्याच्या नावाने ओरडतच होतो, शिव्याही घातल्या होत्या. हेही त्यातलंच असं त्याला वाटलं. वर टेम्पोचं इंजिन. मागे न बघता तो म्हणाला, “काकी, किती कोकलशील? घसा सुकेल.” आणि टेम्पोवाल्याला परत, “आने दो.”

मागचं चाक कठड्याला लागलं. जुना कठडा, चुन्यातला. हलणारा दात पडतो तसा तो आत गेला. दगड गेले, बाई गेली, मग पाण्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

ती तिथे का बसली होती ते आधी सांगते. नाहीतर तुम्हीही म्हणाल, म्हातारीला वेड लागलं होतं. म्हणणारे पुष्कळ होते.

कर्णिकबाई कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं, पार्ल्याला भावाकडे राहायची. जोगेश्वरीला आमच्या वाडीत आधी ती यायची ती कॉलेजची पोरं घेऊन, विहिरीचं पाणी बाटल्यांत भरायला. रिटायर झाल्यावर लोक गावी जातात, देवाला जातात. ही पार्लं सोडून आमच्या वाडीत खोली घेऊन राहिली, बरोबर विहिरीसमोर. भाऊ सामान पोचवायला आला तेव्हा नाकाला रुमाल लावून उभा होता. वाडीचा संडास त्याच बाजूला आहे, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही.

मी शेवंती राणे. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन गावाहून इथे आले. मालक गिरणीत होते. आधी गिरणी गेली, मग ते गेले. माझ्याबद्दल एवढं पुरे.

बाई आली त्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. दोरीला लोणच्याची बरणी बांधून ती विहिरीत सोडायची, वर ओढायची, उन्हात धरून बघत बसायची. मी विचारलं, “ओ बाई, काय टाकताय विहिरीत?”

“टाकत नाही, काढते.”

“काय काढता?”

“इथे राहणारे.”

मला वाटलं, भुताखेताचं काही करते. म्हटलं, “आमच्या विहिरीत कोण राहत नाही.”

“तू बघितलंस?”

हे तिचं नेहमीचं. तू बघितलंस? भाजीवाली म्हणाली मेथी आजची आहे, की ही विचारणार, तोडताना तू बघितलंस? मी म्हटलं सून पाठीमागे तोंड वाकडं करते, तर म्हणे, पाठीमागे ना, मग तू कसं बघितलंस? माणूस दोन शब्द सहानुभूतीचे ऐकायला तिच्याकडे जायचा आणि तोंड बंद करून परत यायचा. ती मला पहिल्यापासून अरे-तुरेच करायची. एकदा मी म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, मला तू म्हणता, मी काय म्हणू? म्हणाली, “तूपण तू म्हण. मी काय तुझी हेडमास्तरीण आहे?” तेव्हापासून मी तिला तू म्हणत आले.

गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग असायचं. लांबून मंगळसूत्र वाटायचं. नव्या सुना पाया पडून विचारायच्या, “काका कुठे असतात?” बाई भिंग पुढे करायची. “यातून शोध. दिसला तर मलाही दाखव.”

त्या पहिल्या दिवशी भांडता भांडता तिने ते भिंग माझ्या डोळ्याला लावलं. बशीत थोडं पाणी होतं. त्यात मोहरीपेक्षा लहान जीव, काचेसारखा आरपार. एकच डोळा, काळा, तोही गरगर फिरणारा. पाठीकडे काहीतरी धडधडत होतं, ते तिचं काळीज, असं बाई म्हणाली. मधून हिरवी रेघ, ती तिची आतडी. आणि मागे पाठीतल्या पिशवीत तिची पिल्लं, ती पण वळवळतायत. डोक्याच्या दोन बाजूंना फांद्यांसारखे हात. ते मारले की झटक्याने वर उसळायची आणि हळूहळू खाली यायची, परत वर.

“ही पाणपिसू,” बाई म्हणाली. “उड्या मारते म्हणून पिसू. चावत नाही. ही कोळंबी-कुर्ल्यांच्या गोतावळ्यातली, लांबची बहीण त्यांची.”

“मग खाता येईल?” शेजारच्या विमलने विचारलं. आम्ही कोकणातल्या, कोळंबी म्हटल्यावर दुसरं काय विचारणार.

“तुझ्या एका घासाला अख्खी विहीर लागेल.”

मग ती सांगत बसली. या विहिरीत अशा लाखांनी आहेत. ऊन चढलं की खाली जातात, दिवेलागणीला वर येतात. पाण्यात बारीक हिरवं शेवाळ असतं, आपल्या डोळ्याला दिसत नाही एवढं बारीक, ते या दिवसभर गाळून खातात. म्हणून तुमचं पाणी नितळ. “वाडीच्या कमिटीमुळे नाही,” हेही वर सांगितलं. आणि या सगळ्या बायका. पाणी चांगलं आहे, खायला मिळतंय, तोवर सगळ्या बायकाच जन्मतात आणि त्यांना नवरा लागत नाही, आपल्या आपण पोरी होतात. पाणी आटायला लागलं, गर्दी झाली, खायला कमी पडलं, असे वाईट दिवस आले की मग नर जन्माला येतात.

विमल म्हणाली, “आमच्याकडे उलटं गं बाई. आधी नर येतात, मग वाईट दिवस येतात.”

बाई एवढी हसली की बशीतलं पाणी सांडलं. हसताना दिसलं की तिच्या दाढा किडलेल्या होत्या. दुसऱ्याच्या पोटातलं भिंग लावून बघणारी बाई, स्वतःचे दात कधी दाखवायला गेली नाही.

ती प्रेमळ वगैरे नव्हती. ते मी लिहिणार नाही. स्वयंपाक येत नव्हता, पाव-चहावर राहायची. मी माशाची आमटी नेऊन दिली तर थँक्यू नाही, आधी माशाचे कल्ले उचकून बघायची. खोलीत कुठेही बसायला जागा नाही, सगळीकडे बरण्या. आणि तिच्या खोलीत पाय पुसल्याशिवाय आलेलं तिला चालायचं नाही, खोलीच पायपुसण्यासारखी असली तरी. पण दिवेलागणीला घरोघरी टीव्ही लागले की ही कठड्याशी उभी असायची, बॅटरीचा उजेड पाण्यात टाकून. कंटाळा येत नाही का, मी विचारलं होतं. म्हणाली, “तू तीच मालिका रोज बघतेस. माझ्या मालिकेत निदान माणसं मरतात ती परत येत नाहीत.”

माझ्या नातवाच्या वेळची गोष्ट. आमच्यात बाळंतीण उठली की विहिरीची पूजा करतात. पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पाण्यात टाकायचं, नारळ सोडायचा. सून नटून उभी, वाडीतल्या बायका जमलेल्या, माझी नणंद खास दहिसरहून आलेली. आणि कर्णिकबाई कठड्याला टेकून.

“आत हळदकुंकू टाकायचं नाही.”

मी म्हटलं, “बाई, आमची रीत आहे.”

“तुझी रीत विहिरीला नमस्कार करायची आहे, का विष घालायची?”

“कुंकवाने कुठे विहीर मरते?”

“बस खाली,” ती म्हणाली. “सगळ्या बसा.”

वाटीत विहिरीचं पाणी घेतलं, बरणीतल्या पाणपिसवा त्यात सोडल्या, माझ्याच करंड्यातलं चिमूटभर कुंकू त्यात टाकलं. आम्ही बसलो, बाळंतीण बसली, बाळ रडून झोपलं. पाणी लाल. थोड्या वेळाने उड्या कमी झाल्या. मग वाटीच्या बुडाशी सगळ्या पडल्या त्या परत उठल्याच नाहीत. “हे हळदीचं कुंकू नाही, कारखान्यातला रंग आहे,” बाई म्हणाली. “तुझ्या कपाळाला खाज सुटते ती त्यानेच.”

बायकांना राग आला. बाळाच्या पूजेला हिने जीव मारून दाखवले, अपशकुन केला. माझी नणंद तोंडाची तिखट. मोठ्याने म्हणाली, “वांझ बाई. हिला काय कळणार आमची रीत?”

बाईने नणंदेकडे वळून शांतपणे विचारलं, “तू बघितलंस?”

मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच सुटल्या. नणंदसुद्धा. शेवटी हळदकुंकू कठड्यावर वाहिलं, खडे कठड्यावर मांडले, नारळ बाहेर फोडून वाटला. आता वाडीत तसंच करतात. नव्या सुनांना वाटतं, फार जुनी रीत आहे.

आता बाळा सावंत. बाळा आमच्या वाडीच्या कमिटीचा सेक्रेटरी. देवगडकडचा. माणूस वाईट नाही. कुणाचं मयत असो, लग्न असो, खुर्च्या मांडायला सगळ्यात आधी हजर. त्याला एकच शौक, फोटो. काम करताना फोटो निघाला नाही तर काम झालं असं त्याला वाटत नाही.

त्या वर्षी वाडीत डेंग्यू आला. विमलच्या मुलीला झाला, प्लेटलेट उतरल्या, विमलने देव पाण्यात ठेवले. पोरगी वाचली, पण वाडी घाबरली. बाळाने कुठूनसे गप्पी मासे आणले, डासांची पिल्लं खाणारे. कठड्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, प्लास्टिकच्या पिशवीतले मासे विहिरीत सोडताना सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले आणि ग्रुपवर टाकले.

बाई आली, तोवर मासे आत गेले होते. “बाळा, काय केलंस रे?”

“डासांचा बंदोबस्त, बाई.”

“अरे, हे डासांची पिल्लं खातात ते खरं. पण पाणपिसू त्यांना सहज सापडते. आधी तिला संपवतील.”

“माशांनी काय खायचं ते आता तुम्ही ठरवणार?”

“मासेच ठरवणार. म्हणून तर सांगते. त्यांना मागच्या गटारात सोड, तिथे त्यांना काम आहे. विहिरीला जाळी लाव. मच्छरदाणीची चालेल. मी शिवून देते.”

“आता सोडले ते सोडले, बाई. फोटो गेले सगळीकडे.”

बाई संध्याकाळी बॅटरी घेऊन उभी राहिली. मग रोज. एके दिवशी बरणी वर काढून मला दाखवली. नुसतं पाणी. भिंग लावलं तरी नुसतं पाणी.

मग पाणी बदलायला लागलं. आधी हिरवट दिसलं, ते झाडांच्या सावलीमुळे असं आम्ही म्हणालो. मग पालकाचं उकडलेलं पाणी असतं तसं झालं. मग वास मारायला लागलं. धुतलेल्या चादरींवर हिरवे डाग. मासे मात्र मजेत होते, त्यांची पोरंबाळं झाली होती. विहीर गाळून ठेवणारी सगळी मंडळी त्यांच्या पोटात गेली आणि शेवाळाला खाणारं कुणी उरलं नाही. हे बाई ज्याला त्याला सांगत होती. पण लोकांना दिसत होतं ते एवढंच की विहीर नासली. नासलेली विहीर, वर डेंग्यू.

कमिटीची मीटिंग गणपतीच्या शेडमध्ये झाली. बाळा म्हणाला, “विहीर बुजवू. वर लाद्या टाकू, बाकडी ठेवू. म्हातारी माणसं बसतील.”

मी म्हटलं, “मी म्हातारीच आहे. मला बसायला नको, पाणी हवंय. नळ सकाळी येतो तेवढा येतो. धुणी, भांडी, संडासला पाणी कुठनं आणू? तुझ्या बाकड्यातनं?”

“काकी, टँकर मागवू.”

बाई उठली. “मासे काढा. दुसरं काही करू नका. पाणी आपोआप नितळ होईल.”

“आणि डास?” बाळा म्हणाला. “पोरं मरू देत?”

“डेंग्यूचा डास कुठे होतो ते बघितलंस?”

“विहिरीत होतो, सगळ्या जगाला माहीत आहे.”

“विहिरीत डास होतात. मलेरियाचे होतात, ते मी नाही म्हणत नाही, म्हणून जाळी म्हणते. डेंग्यूचा घरात होतो.”

कुणी ऐकलं नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी बाई घरोघर फिरली. हातात बॅटरी आणि आमटीचा डाव. पोटमाळ्यावर चढली, पिंपांत डोकावली, कुंडीखालच्या ताटल्या उचलल्या, मनीप्लँटच्या बाटल्या ओतून बघितल्या. मी बरोबर होते, शिडी धरायला. डासांची पिल्लं सापडली नाहीत असं घर विरळंच. आणि सगळ्यात जास्त सापडली बाळाच्या मोरीतल्या निळ्या पिंपात. बाईने डाव भरून वर काढला, पिल्लं त्यात वाकडीतिकडी होत होती. तिने तो डाव बाळाच्या आईच्या तोंडापुढे धरला. “हे बघ. हे विहिरीतले नाहीत, तुझे आहेत.”

बाळाची आई माझ्या वयाची, साधी बाई. तिला रडूच आलं. बाईने हळू सांगायला हवं होतं, पण हळू सांगणं तिला येत नव्हतं. मी जिन्यात तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, “हळू सांगून गेले चार महिने काय झालं?”

बाळाला ते लागलं. “माझ्या आईला चारचौघांत रडवलं. आता बघतो विहीर कशी राहते.” कमिटीत ठराव झाला. हात वर केले ते पुरुषांनी. पाणी बायका भरतात, त्यांना कुणी विचारलं नाही. बाईने विचारलं, परवानगी आहे का विहीर बुजवायची? बाळा म्हणाला, ती नंतर घेऊ.

म्हणून टेम्पो भर दुपारी आला, माणसं कामावर असताना. गल्लीच्या तोंडाला स्कूटरी लावलेल्या, त्या हलवायला बाळा पुढे गेला. तेवढ्यात बाई खोलीतून बाहेर आली. पायात तिचे ते पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री.

“शेवंते, मी आत बसते. कुणी विचारलं तर सांग, आत माणूस आहे.”

“बाई, वय काय तुझं?”

“विहिरीपेक्षा कमी.”

“अगं, पण तो न बघताच ओतेल!”

“माणूस आत आहे कळल्यावर ओतणार नाही. बाळा तसा नाही.” आणि पायऱ्या उतरली.

तिचा अंदाज खरा होता. फक्त बाळाला कळलंच नाही. तो टेम्पोच्या पुढून आला आणि विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. मग जे झालं ते वर सांगितलं.

कठडा आत गेल्यावर बाळा वळला. पाण्यावर छत्री होती, उघडलेली.

“कोण?” त्याने विचारलं. तोंड पांढरं पडलेलं.

“बाई,” मी म्हटलं.

त्याने चप्पलसुद्धा काढली नाही. खिशात फोन होता तो तसाच. उडी मारली. अजून वरून दगड सुटत होते. त्यातला एक त्याच्या डोक्याला लागला, रक्त आलेलं आम्हाला वरून दिसलं, त्याला कळलं नसावं. तो बुडी मारून वर आला, परत खाली गेला, परत वर आला. देवगडचा माणूस, पोहण्यात कमी नव्हता. पण पाणी एवढं हिरवं की त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता. “दिसत नाही गो काही!” तो ओरडत होता. “काकी, काही दिसत नाही!” मी आयुष्यात पुष्कळ मोठे पुरुष रडताना पाहिलेत, गिरण्या बंद झाल्या तेव्हा. असा आवाज ऐकला नव्हता.

“बोंब मारू नको, मेल्या!” मी वरून ओरडले. “चाचपून बघ! पायऱ्यांच्या बाजूला गेली ती!”

टेम्पोवाला इंजिन बंद करून खाली बसला होता, “मेरे को किसी ने बोला नहीं” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. विमल दोऱ्या घेऊन आली. बाळा परत खाली गेला. या वेळी जास्त वेळ गेला. मी मनात ठरवून टाकलं होतं, दोन्ही गेली.

मग पाणी फुटलं आणि बाळा वर आला, हातात बाईच्या साडीचा पदर, पदराला बाई. तिचं डोकं त्याने खांद्यावर घेतलं. ती खोकली. पाणी ओकली. परत खोकली. आणि पहिलं बोलली ते हे:

“बघितलंस? किती हिरवंय.”

बाळा तिला धरून पायरीला चिकटून राहिला. गणपतीच्या शेडमधली प्लास्टिकची खुर्ची दोऱ्यांना बांधून आम्ही खाली सोडली. गल्लीतल्या गॅरेजवाल्या पोरांनी ओढली. आधी बाई आली, मग बाळा. बाईचं खांद्याचं हाड मोडलं होतं, बरगडीला मार होता. बाळाच्या डोक्याला टाके पडले.

हॉस्पिटलमध्ये पोलीस आला. बाहेर बाकावर बाळा डोक्याला पट्टी बांधून बसला होता, त्याची आई शेजारी. बाई काय सांगते इकडे त्याचे कान. बाईने सांगितलं, “विहीर बुजवायला बाळाने काढली, परवानगी नव्हती. मी आत आहे हे याला माहीत नव्हतं. पडल्यावर मला वर काढलं तेही यानेच. सगळं लिहा. एक लिहून दुसरं गाळू नका.”

“कम्प्लेंट करायची आहे का, आजी?”

“विहीर परत बुजवायला काढली तर करीन. आजी नाही, मॅडम.”

कठडा बाळाने बांधून दिला, सिमेंटचा, वर लोखंडी चौकट आणि जाळी. त्याचा फोटो काढला नाही, हे मी पाहिलं. पिंपांना झाकणं आली. राहिले मासे. ते कसे काढायचे हे बाईला ठाऊक नव्हतं. ते आम्हाला ठाऊक होतं. गावी आम्ही पोरी ओढ्यात लुगड्याने मासे धरायचो. मी माझं जुनं नऊवारी काढलं, चार टोकांना दोऱ्या बांधल्या, मध्ये दगड आणि शिजलेला भात. चौघी चार बाजूंना. लुगडं बुडवायचं, वाट बघायची, भातावर मासे जमले की चौघींनी एकदम वर ओढायचं. एकीने आधी ओढलं की सगळे निसटतात, मग तिला शिव्या. बाई हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसायची आणि सूचना करायची. विमलने तिला सांगितलं, “बाई, तुम्ही कॉलेजात शिकवा. इथे गप बसा.” आणि बाई गप बसली. हेही मी त्या वर्षीच पाहिलं.

बादल्या भरभरून मासे मागच्या गटारात नेले. शेवटचे सुटे मासे हाती लागेपर्यंत पावसाळा आला. पावसाळा सरताना पाण्याचा रंग उतरायला लागला, हिरव्याचं पांढुरकं झालं, मग एक दिवस तळाचा दगड दिसला. पाणपिसवा परत आल्या होत्या. तळच्या गाळात त्यांची अंडी असतात, बाई म्हणाली, वाईट दिवसांत घातलेली, जाड कवचाची. कोणी आणून सोडल्या नाहीत.

तिचा हात मात्र खांद्याच्या वर गेला नाही. बरणी ओढता येईना, स्वतःची वेणी घालता येईना, तर केस कापून टाकले. शेवटी भाची येऊन तिला मुलुंडला घेऊन गेली. भांडून नेली. बरण्या आम्ही रिकाम्या केल्या विहिरीत.

मी एकदा तिला भेटायला गेले. उंच इमारत, गेटवर नाव विचारतात, फोटो काढतात. खाली बागेत शोभेचा हौद होता. त्याच्या काठावर बाई बसली होती, केस कापलेले, तेच बूट. समोर वॉचमन आणि एक टायवाला मॅनेजर. मॅनेजरच्या हातात निळ्या औषधाचा कॅन.

“मॅडम, पानी में कीड़े हैं. डालना पड़ेगा.”

“कीड़े नहीं. रहनेवाले हैं.”

“मॅडम, यहाँ रहनेवाले मेंटेनन्स देते हैं.”

“ये मेंटेनन्स करते हैं. तुम से अच्छा.”

वॉचमन तोंड फिरवून हसला. बाईने मला पाहिलं. “शेवंते? आलीस? बस तिथे जरा. हा आधी जाऊ दे.”

मी लॉबीतल्या गुबगुबीत खुर्चीवर बसले. मॅनेजर गेला तर सोसायटीचा सेक्रेटरी आला, सेक्रेटरी गेला तर आणखी कोण आलं. बाई काठावरून हलली नाही. मला घरी जाऊन पाणी भरायचं होतं. गेटमधून मी हात केला. तिने चांगला हात वर केला आणि परत त्या माणसाकडे वळून बोलायला लागली. तेवढंच शेवटचं पाहिलं.

बाई गेल्या वर्षी गेली. न्यूमोनियाने, मुलुंडला, अंथरुणात. वाडीत शोकसभा झाली. खुर्च्या बाळाने मांडल्या. बाहेरून एक पाहुणे बोलायला आणले होते. ते बाईला एकदाही भेटले नव्हते. ते म्हणाले, कर्णिक मॅडमनी या विहिरीसाठी आपले प्राण दिले. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या.

मी उठले. म्हटलं, साहेब, थांबा. मी तिथे होते, मी बघितलंय. बाईने विहिरीसाठी प्राणबिण दिले नाहीत. बाई विहिरीत पडली आणि वर आली. हा बाळा तिच्यामागे उडी मारून गेला आणि वर आला. दोघंही जगली.